धूळपाटी विलायतेला गेली तेव्हा

१६२३ च्या ऑक्टोबरात एक पोर्तुगीज वकील गोव्याहून इक्केरीच्या व्यंकटप्पा नायकाच्या भेटीला निघाला. त्याच्याबरोबर पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी होता. होनावरपर्यंत समुद्राने जायचे, तिथून गेरसप्प्यापर्यंत खाडीने आणि पुढे घाट चढायचा, अशी ती वाट. वाटेत मुक्काम पडला असताना देल्ला वाल्ले एका देवळाच्या ओसरीवर वेळ काढत बसला होता. तिथे त्याला चार मुलगे दिसले. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली. एक मुलगा सूर धरून अंक म्हणायचा आणि म्हणता म्हणता तोच अंक बोटाने वाळूत काढायचा. मग उरलेले तिघे त्याच सुरात तेच म्हणायचे आणि तेच काढायचे. जमीन अंकांनी भरली की हाताने पुसायची, आणि लागलीच तर जवळच्या ढिगातून मूठभर नवी वाळू टाकायची. पंतोजी आसपास नव्हते.

देल्ला वाल्लेने त्यांना विचारले, तुमचे चुकले किंवा विसरले तर दुरुस्त कोण करतो? मुलांनी सांगितले, आम्हीच एकमेकांचे करतो. चौघेही एकाच ठिकाणी चुकतील असे कधी होत नाही. म्हणून तर चौघे मिळून बसतो. त्याने हे सगळे लिहून ठेवले आणि ही रीत सोपी, सुंदर आणि खात्रीची आहे असा अभिप्रायही दिला.

आज शिक्षकांच्या प्रशिक्षणात ‘सहाध्यायी अध्ययन’ आणि ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ असे दोन वेगळे पाठ असतात. त्या चार पोरांच्या उत्तरात दोन्ही एकत्र आले आहेत. शिकणे आणि शिकलेले तपासणे ही दोन कामे त्यांच्या लेखी वेगळी नव्हतीच. शेजारी बसलेला मुलगा चूक ऐकतो, तिथल्या तिथे सांगतो, आणि सूर न तुटता गाडी पुढे जाते. शाळेच्या इतिहासाकडे पाहताना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो देल्ला वाल्लेचाच प्रश्न, मुलाची चूक कोण पकडतो? पुढच्या अडीचशे वर्षांत या प्रश्नाची उत्तरे बदलत गेली. वाळूतली ही अक्षरे समुद्र ओलांडून गेली, दुसऱ्याच नावाने परत आली, आणि तोवर त्यांच्यातले बरेच काही गळून पडले होते.

आपल्याकडे वाळूच्या जागी धूळ होती. एका लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची आणि काडीने अक्षर काढायचे. काडी फिरली की खालचे लाकूड अक्षराच्या आकारात उघडे पडे. फळीला हलका धक्का दिला की अक्षर गायब आणि पाटी पुन्हा कोरी. माझी आजी हे सांगताना मांडीवर नसलेली पाटी धरून हाताने तो धक्का देऊन दाखवायची, म्हणून माझ्या डोळ्यांपुढे तो अजून आहे. धूळपाटीवरची चूक टिकत नाही. खाडाखोड उरत नाही, लाल शाईची रेघ उमटत नाही, वहीचे पान फाडावे लागत नाही. शंभरदा चुकले तरी शंभरदा धक्का. ‘गिरवणे’ हा आपला शब्द तिथलाच. गुरू किंवा मोठा मुलगा अक्षर काढून देई आणि धाकटा त्याच रेघेवरून काडी फिरवत राही. अक्षर आधी हाताला कळे, मग डोळ्याला, आणि सर्वांत शेवटी तोंडाला.

शाळा म्हणजे बहुधा वाड्याची ओसरी, नाहीतर मारुतीच्या देवळाचा सभामंडप. पंतोजींना मिळे ते पसा-मापटे धान्य, सणावारी शिधा, कुठे महिन्याला थोडे पैसे. एका ओसरीवर सहा वर्षांचा आणि चौदा वर्षांचा मुलगा मांडीला मांडी लावून बसे. इयत्ता नव्हत्या, त्यामुळे कोणी नापास व्हायचा प्रश्न नव्हता. एकाची मुळाक्षरे चालू, दुसऱ्याची बाराखडी, तिसरा मोडीत पत्राचा मायना घटवतो आहे, आणि कोपऱ्यातल्या दोघांची पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी चालू. साडेतीनपटीचा पाढा म्हणजे औटकी. बाजारात पायली-शेराचा, कापडाचा, व्याजाचा हिशेब कागदाला हात न लावता व्हावा यासाठी हे अपूर्णांकांचे पाढे. संध्याकाळी परवचा. एक-दोन मोठे मुलगे पुढे उभे राहून खड्या आवाजात पाढा सांगत आणि सगळी ओसरी त्यांच्यामागून म्हणे. पंतोजी तेवढ्यात कोणाचे तरी खत लिहून देत असत किंवा नुसते डोळे मिटून ऐकत, आणि आवाजांच्या त्या कल्लोळातही कोण कुठे अडखळला ते त्यांना बरोबर कळे.

अशा शाळांचे तपशीलवार वर्णन एका इंग्रज अधिकाऱ्याने करून ठेवले आहे. मद्रास इलाख्याचा गव्हर्नर टॉमस मन्रो याने १८२२ मध्ये सगळ्या जिल्ह्यांतून देशी शाळांची माहिती मागवली. बल्लारीचा कलेक्टर ए. डी. कॅम्बेल याने ऑगस्ट १८२३ मध्ये पाठवलेले उत्तर त्या सगळ्या कागदांत उठून दिसते. त्याच्या जिल्ह्यात ५३३ शाळा आणि ६,६४१ मुले. सकाळी शाळेत जो पहिला येई त्याच्या तळहातावर सरस्वतीचे नाव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर शून्य, म्हणजे ना कौतुक ना दोष. तिसऱ्याला छडीचा हलका फटका, चौथ्याला दोन, आणि पुढे येईल त्याला एकेक वाढता. मग मुलांचे गट पडत, बहुधा चार. खालचे गट मोठ्या मुलांच्या हाती, वरचे पंतोजींच्या हाताखाली, आणि पंतोजींची नजर सगळ्यांवर. मुलगा एका गटातून दुसऱ्यात जाई तो त्याच्या कुवतीप्रमाणे आणि प्रगतीप्रमाणे. परीक्षेचा दिवस ठरलेला नव्हता. ज्या दिवशी येऊ लागले, त्या दिवशी वर.

कॅम्बेलने दोषही झाकले नाहीत. मुले कविता पाठ म्हणतात, पण तिची भाषा त्यांना कळत नाही, अर्थ कोणी सांगत नाही, हे त्याने स्पष्ट लिहिले. शिवाय ६,६४१ मुलांत मुली होत्या अवघ्या ६०. तरीही पुढे गेलेल्यांनी मागच्यांना शिकवायचे ही रीत वाखाणण्यासारखी आहे आणि इंग्लंडने तिचे अनुकरण केले ते योग्यच केले, असे त्याने नमूद केले. हे अनुकरण कसे घडले ते पाहण्यासाठी चौतीस वर्षे मागे, मद्रासच्या एग्मोर भागात जायला हवे.

१७८९ मध्ये एग्मोरला गोऱ्या सैनिकांच्या अनाथ आणि निराधार मुलग्यांसाठी एक आश्रम निघाला. यातल्या पुष्कळ मुलांच्या आया इथल्याच होत्या. आश्रमाची देखरेख अँड्र्यू बेल या पाद्र्याकडे आली. हा स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावच्या न्हाव्याचा मुलगा. तरुणपणी अमेरिकेत व्हर्जिनियाला शिकवण्या करून आलेला, १७८७ मध्ये मद्रासला पोचलेला. अनेक पलटणींच्या चॅप्लेनपदांचे पगार एकदम घेऊन त्याने चांगली माया जमवली होती. आश्रमाच्या कामाचे वेतन मात्र त्याने नाकारले आणि त्या कामात जीव ओतला. अडचण शिक्षकांची होती. जे हाताखाली मिळाले त्यांना शिकवण्यात रस नव्हता, आणि जरा तयार झाले की ते अधिक पगाराच्या नोकरीला निघून जात.

एके सकाळी घोड्यावरून फिरायला गेलेल्या बेलला देशी मुलांची एक शाळा दिसली. जमिनीवर बसलेली पोरे बोटांनी वाळूत अक्षरे काढत होती. हर्षाने ओरडत तो घोडा दौडवत परत आला असे त्याच्या चरित्रात सांगितले आहे. आल्याआल्या त्याने खालच्या वर्गाच्या मास्तराला वाळूवर मुळाक्षरे शिकवायला फर्मावले. मास्तराने ते मनावर घेतले नाही. होणार नाही म्हणाला. तेव्हा बेलने वरच्या वर्गातला जॉन फ्रिस्केन हा आठ वर्षांचा मुलगा बोलावला. बाप साधा शिपाई. बेलने त्याच्यापुढे वाळू पसरली आणि मुळाक्षरांचा वर्ग त्याच्या हवाली केला. मोठ्यांना जे जमत नव्हते ते आठ वर्षांच्या मुलाने करून दाखवले. मग बेलने एकेक वर्ग मुलांच्याच हाती दिला. थोड्या वर्षांत आश्रमातली सात ते चौदा वर्षांची मुले इतरांची शिक्षक झाली, आणि फ्रिस्केन त्यांचा म्होरक्या.

१७९६ मध्ये प्रकृतीच्या कारणाने बेल मायदेशी परतला आणि १७९७ मध्ये त्याने लंडनला या प्रयोगाची छोटी पुस्तिका छापली. वाळू देशी शाळेत पाहिली हे त्याने कबूल केले. मुलांनी मुलांना शिकवायचे ही युक्ती मात्र त्याने स्वतःचा शोध म्हणून मांडली, आणि पुढे जन्मभर त्या हक्कासाठी तो भांडला. मला त्याच्या निष्ठेबद्दल शंका नाही. पण ज्या ओसरीवर त्याने वाळू पाहिली, तिथे वाळूच्या पलीकडे बसलेला मोठा मुलगा त्याला दिसलाच नसेल हे मला पटत नाही. मलबारात नोकरी केलेला अलेक्झांडर वॉकर हा लष्करी अधिकारी त्याच काळात लिहून गेला की ही पद्धत भारतातल्या ब्राह्मणांकडून युरोपने उचलली. खुद्द ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी ३ जून १८१४ च्या खलित्यात मान्य केले की भारतातल्या देशी गुरूंची पूर्वापार चालत आलेली शिकवण्याची रीत डॉ. बेल यांच्यामार्फत इंग्लंडात आली आणि तिथल्या राष्ट्रीय शाळांत रुजली. कंपनीने हिंदुस्थानचे ऋण असे लेखी कबूल केल्याची उदाहरणे फार नाहीत. हे त्यातले एक.

इंग्लंडात बेलच्या पुस्तिकेला सुरुवातीला फार वाचक मिळाले नाहीत. १७९८ मध्ये लंडनच्या ऑल्डगेट भागातल्या एका धर्मादाय शाळेने ती पद्धत घेतली. त्याच वर्षी टेम्सच्या दक्षिणेला, साऊथवर्कमध्ये, वीस वर्षांच्या जोसेफ लँकेस्टरने गरीब मुलांसाठी शाळा काढली. हा क्वेकर पंथाचा, उत्साही आणि उधळ्या. फी देऊ शकत नाहीत त्यांनाही घ्यायचे असे त्याने ठरवले. पोरे लोटली. शिक्षक ठेवायला पैसा नव्हता, म्हणून मुलेच शिकवू लागली. वाळूची कल्पना बेलच्या पुस्तिकेतून घेतल्याचे त्याने १८०३ च्या आपल्या पुस्तकात मान्य केले आहे.

लँकेस्टरची बरो रोडवरची शाळा आतून कशी होती हे त्याच्या पुस्तकांवरून चांगले कळते. एकच प्रचंड दालन. सगळ्यात पुढे वाळूचे बाक. कडा उंच केलेल्या फळीवर वाळू, मॉनिटरने, म्हणजे शिकवायला नेमलेल्या मुलाने, काढलेले अक्षर पोरे गिरवत, आणि मग तो इस्त्रीसारख्या सपाट ठोकळ्याने वाळू सारखी करी. त्यामागे दगडी पाट्यांच्या बाकांच्या रांगा. भिंतींवर वाचनाचे तक्ते टांगलेले, म्हणजे पुस्तकाचे एक पान छापून शेकडो मुलांना पुरे. तक्त्यासमोर अर्धवर्तुळ आखलेले, त्यावर आठ-दहा मुले उभी. उत्तर चुकले की खालच्या जागी, बरोबर आले की वरच्या जागी. प्रत्येक बाकाला एक मॉनिटर, त्याच्यावर देखरेख करणारा दुसरा, हजेरीचा तिसरा, पाट्यांचा चौथा. हुकूम झाला की सगळ्यांच्या टोप्या एकदम पाठीवर, हुकूम झाला की सगळ्या पाट्या एकदम वर. एक शिक्षक हजार मुलांना शिकवू शकतो असा लँकेस्टरचा दावा होता.

१८०५ मध्ये राजा तिसरा जॉर्ज याने लँकेस्टरला भेटीला बोलावले. उमरावांनी वर्गण्या दिल्या. गिरण्यांच्या मालकांना ही शाळा ओळखीची वाटली, कारण ती त्यांच्या कारखान्यासारखीच चालत होती. एकाने एकच काम करायचे, माल पुढे सरकवायचा. बेलचा चाहता कवी कोलरिज याने तर या पद्धतीला वाफेच्या इंजिनाची उपमा दिली, आणि ती स्तुती म्हणून दिली. अँग्लिकन पंथीयांना मात्र क्वेकर माणसाच्या हाती गरिबांची मुले जावीत हे सहन झाले नाही. त्यांनी बेलला पुढे केले आणि १८११ मध्ये नॅशनल सोसायटी स्थापन झाली. लँकेस्टरच्या बाजूची ब्रिटिश अँड फॉरेन स्कूल सोसायटी. ही पद्धत कोणाची, यावर दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षे पत्रके निघाली. त्या भांडणात मद्रासच्या ओसरीची बाजू मांडायला कोणी नव्हते.

इथे चूक पकडणारा बदलला. ओसरीवर शेजारचा मुलगा चूक सांगे आणि दोघे मिळून पुढे म्हणत. बरो रोडवर मॉनिटर चूक नोंदवी. त्याला शिकवायचे असे, पण त्याहून अधिक राखायचे असे. बोलणाऱ्याच्या, खोड्या काढणाऱ्याच्या गळ्यात लाकडी ओंडका अडकवत. मान जरा हलली की त्याचा सारा भार मानेवर येई. पायांना लाकडी बेड्या घालत. कोणाला टोपलीत घालून छताला टांगत आणि सगळ्या शाळेला वर पाहायला लावत. लँकेस्टर छडीच्या विरुद्ध होता, आणि आपण मारत नाही याचा त्याला अभिमान होता. १८०८ मध्ये कोलरिजने लंडनच्या एका व्याख्यानात या शिक्षांवर कठोर टीका केली. माझ्या मते कोलरिज त्या दिवशी बरोबर होता. पंतोजींच्या छडीचे वळ रात्रीपर्यंत उतरत असतील, पण टोपलीत टांगलेल्या मुलाला हजार डोळ्यांनी पाहिलेले असे. आपल्याकडच्या पंतोजींनी मात्र अंगठे धरायला लावण्यापासून पुढचे सगळे प्रकार केले, तेव्हा त्यांची बाजू घेऊन बोलण्याचा मला हक्क नाही.

लँकेस्टर कर्जात बुडाला, स्वतःच्याच सोसायटीशी भांडून १८१८ मध्ये अमेरिकेला गेला, सिमोन बोलिव्हरच्या आश्रयाने काही काळ काराकासला शाळा चालवून आला आणि १८३८ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर गाडीखाली सापडून मेला. बेल १८३२ मध्ये वारला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत त्याला पुरले. त्याच्या प्रचंड संपत्तीतून सेंट अँड्र्यूजला शाळा उभी राहिली. तिचे नाव मद्रास कॉलेज. उत्तर समुद्राच्या काठी, थंड वाऱ्यात, आज दोनशे वर्षे होत आली तरी ती त्याच नावाने चालू आहे.

आता परतीचा प्रवास. जानेवारी १८१५ मध्ये मुंबईला आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांच्या पुढाकाराने गरिबांच्या शिक्षणासाठी एक सोसायटी निघाली. युरोपियन सैनिकांच्या मुलांसाठी तिने काढलेली शाळा बेलच्या पद्धतीने चाले. तीच पुढे देवळालीला गेली आणि बार्न्स स्कूल झाली. १८१९ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला. १८२० मध्ये देशी मुलांच्या शाळांसाठी आणि पुस्तकांसाठी या सोसायटीची वेगळी शाखा झाली आणि १८२२ मध्ये ती स्वतंत्र झाली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ती शाळापुस्तक मंडळी म्हणून ओळखली जाते. इंजिनिअर असलेला कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचा सेक्रेटरी, आणि त्याच्या जोडीला देशी सेक्रेटरी सदाशिव काशिनाथ छत्रे, म्हणजे आपले ‘बाळमित्र’वाले बापू छत्रे.

मंडळीच्या समितीने देशी शाळांची पाहणी करून चार उणिवा सांगितल्या. पुस्तके नाहीत, शिकवण्याची सोपी पद्धत नाही, शिकलेले शिक्षक नाहीत, पैसा नाही. पद्धतीच्या उणिवेवर उपाय काय, तर लँकेस्टरची पद्धत. हे कागद वाचताना मी दरवेळी इथे थांबतो. मद्रासच्या ओसरीवरून उचललेली वाळू टेम्सच्या काठी वीस वर्षे राहून आली, आणि ओसरीवरच्या पंतोजींना सांगितले गेले की तुम्हाला शिकवायची पद्धत माहीत नाही, ही घ्या नवी. जर्व्हिसच्या हाताखाली तयार झालेल्या शिक्षकांची पहिली तुकडी १८२६ च्या सुमारास कोकणात, देशावर आणि गुजरातेत रवाना झाली.

आधी जे होते ते खरोखर किती होते? मुंबईच्या गव्हर्नरच्या कौन्सिलातला प्रेंडरगास्ट १८२१ मध्ये लिहितो की या मुलखात शाळा नाही असे गाव, मोठे काय आणि छोटे काय, क्वचितच सापडते. मूठ-दोन मूठ धान्यापासून फार तर महिन्याला एक रुपया एवढ्या खर्चात मुले लिहिणे, वाचणे, हिशेब शिकतात आणि साध्या शेतकऱ्याला किंवा लहान दुकानदाराला आपला हिशेब चोख ठेवता येतो. १८२९ ची मोजणी मात्र सांगते की साऱ्या इलाख्यात १,६८० देशी शाळा आणि ३३,८३८ मुले, तर सरकारी शाळा २५ आणि त्यांत १,३१५ मुले. पुढे शंभर वर्षांनी मुंबईच्या रा. वि. परुळेकरांनी हे सगळे जुने अहवाल शोधून, तपासून छापले आणि दाखवून दिले की घरातल्या घरात चालणाऱ्या, कोणाच्या नोंदीत न आलेल्या शिकवण्या या आकड्यांच्या बाहेर राहिल्या आहेत. परुळेकरांसारख्या माणसाचे हे काम मराठी वाचकाला फारसे ठाऊक नसावे याचे मला वाईट वाटते.

जर्व्हिस आणि छत्रे यांच्याविषयी मला आदरच आहे. मुलांना कळेल अशा मराठीत पुस्तके हवीत हे छत्रे यांनी ओळखले, आणि १८२८ मध्ये ‘बाळमित्र’ व ‘इसापनीतिकथा’ मराठी मुलांच्या हाती आल्या. कॅम्बेलने दाखवलेला दोष, म्हणजे अर्थ न कळता घोकणे, त्यावर हा खरा उतारा होता. जर्व्हिस तर पुढे १८४० च्या दशकात शिक्षण मराठीतूनच द्यावे म्हणून सर अर्स्किन पेरीशी झगडला आणि जगन्नाथ शंकरशेट त्याच्या बाजूने उभे राहिले. पुस्तक आले ते चांगलेच झाले. धूळपाटी मागे पडली तशी तिच्याभोवतीची शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगण्याची रीतही कमअस्सल ठरली, एवढेच माझे दुःख.

आणि ती ओसरी कोणाकोणाची होती? १८५६ च्या जूनमध्ये, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाडला, एका महार मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारला गेला. त्याने सरकारकडे अर्ज केला. तत्त्वतः न्याय त्याच्या बाजूला आहे असे सरकारने लिहिले, आणि प्रवेश दिला नाही. शेजारच्या मुलाने चूक सुधारायची ही रीत कितीही सुंदर असली, तरी ज्याला शेजारी बसूच देत नाहीत त्याला तिचा काय उपयोग? पुण्यात १८४८ मध्ये मुलींसाठी आणि पुढे चार वर्षांत महार-मांग मुलांसाठी शाळा काढताना जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना ती ओसरीच मुळात नव्याने बांधावी लागली. त्यांच्या मुलींच्या शाळांच्या परीक्षा जाहीर होत, आणि पुण्याचे लोक त्या पाहायला गर्दी करत. मुली वाचू शकतात हे गावासमोर सिद्ध करायचे होते. परीक्षेचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.

दरम्यान इंग्लंडात मॉनिटर पद्धतीवरचा विश्वास उडाला. मुले मुलांना जे सांगत ते पाठांतरापलीकडे जाईना, असा बोभाटा झाला. १८४६ पासून पगारी विद्यार्थी-शिक्षक आले. मग १८६२ मध्ये रॉबर्ट लो याने नवी नियमावली आणली. शाळेला अनुदान मुलांच्या परीक्षेवर. मुलामागे हजेरीचे चार शिलिंग, आणि आणखी आठ शिलिंग परीक्षेचे. वाचन, लेखन, अंकगणित, यांपैकी ज्या विषयात मूल नापास होईल त्या प्रत्येकाचे दोन शिलिंग आठ पेन्स कापायचे. आता चूक पकडणारा वर्षातून एकदा येणारा इन्स्पेक्टर होता, आणि प्रत्येक चुकीला ठरलेली किंमत होती. शिक्षकांनी वाचनाचे पुस्तकच मुलांकडून पाठ करून घेतले. कवी मॅथ्यू अरनॉल्ड स्वतः शाळांचा इन्स्पेक्टर होता. या पद्धतीने शाळा यंत्रासारख्या झाल्या, असे तो वर्षानुवर्षे आपल्या अहवालांतून सांगत राहिला.

ती पद्धतही जहाजात बसून इकडे आली. १८६० च्या दशकापासून मुंबई इलाख्यात ‘पेमेंट बाय रिझल्ट्स’ने अनुदान मिळू लागले. दिपोटीसाहेब तपासणीला येणार म्हटले की शाळा सारवून निघे, मुलांचे कपडे धुतले जात, आणि कच्च्या मुलांना त्या दिवशी घरी राहायला सांगितले जाई. १९ ऑक्टोबर १८८२ च्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला लिहिले की ही निकालावर पैसे देण्याची रीत शूद्रादि लोकांच्या कामाची नाही. त्यांना अजून विद्येची गोडी लागलेली नाही, त्यांच्यात जाऊन स्वतःच्या जिवावर शाळा काढणारा शिक्षक त्यावर पोट भरू शकणार नाही. निकाल मोजायचा तो ज्यांनी आधी सुरुवात केली त्यांच्याच पट्टीने मोजला जाणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

लँकेस्टरच्या शाळांतला एक शब्द मात्र आपल्याकडे आजही घरोघरी आहे, तो म्हणजे मॉनिटर. बाईंनी पहिल्यांदा मला मॉनिटर केले तेव्हा मी चौथीत होतो. काम एकच. बाई ऑफिसात गेल्या की फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावे लिहायची, पुन्हा बोलला तर नावापुढे फुली. एके दुपारी वर्गाला वजाबाक्या सोडवायला दिल्या होत्या. माझ्या शेजारी बसणारा मुलगा पाटी घेऊन फळ्यापाशी आला आणि दबक्या आवाजात विचारू लागला, हातचा घेतल्यावर वरचा आकडा कमी का करायचा. मला ते येत होते. मी खडू उचलला आणि त्याचे नाव फळ्यावर लिहिले.